नलूच्या आतल्या अकरा ओळी

"रेवू, अगं इकडे ये! हत्ती आलाय बघ!"

मी ओरडले, पण रेवू माझ्या हत्तीच्या पोटाखालून सुळकन निघाली आणि थेट नलूच्या बाकावर जाऊन बसली.

तो हत्ती मी आठवडाभर खपून उभा केला होता. सोंड हलायची, कान हलायचे. शेपूट जरा चुकीच्या जागी लागलं होतं, पण त्याकडे कोण बघतंय? पोरीनं मान वर करूनसुद्धा बघितलं नाही.

"आजी, तुझ्याकडे नंतर येते हं!"

नंतर म्हणे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये छत्तीस वर्षं काढली मी. 'नंतर करतो' म्हणणाऱ्यानं परत फोन केलेला एकदाही बघितला नाही.

हे सगळं घडत होतं कॉम्प्युटरात. बारा-तेरा वर्षं झाली असतील. माझी लेक शर्मिला तेव्हा फिनलंडला होती, ओउलू नावाच्या गावात. तिथं हिवाळ्यात सूर्य हजेरी लावून लगेच घरी जातो. जावई ज्या कंपनीत होते ती कॉम्प्युटरात आख्खं जग तयार करायची. जमीन, आभाळ, घरं. आपण आपली एक बाहुली करायची, तिच्या अंगात शिरायचं आणि हिंडायचं, बोलायचं. जावयांनी त्यातला एक तुकडा आम्हा घरच्यांसाठी राखून ठेवला होता. मी मिरजेत तळमजल्यावर, माझी धाकटी जाऊ नलू वरच्या मजल्यावर, आणि माझी अकरा वर्षांची नात रेवती तिकडे बर्फात. रविवारी दुपारी दीड वाजला, की आपापल्या कॉम्प्युटरवरून तिघी त्या जगात भेटायचो.

तिथं माझ्या घरापुढे काय नव्हतं! हत्ती होता, नाचणारं कारंजं होतं, चंद्राला टांगलेला झोपाळा होता. आणि नलूकडे काय, तर एक शेवग्याचं झाड आणि त्याखाली बाक. संपलं. तरी पोर तिच्याकडे!

नलू पहिल्यापासून घुमी. आमच्या सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात महिनाभर उशाशी बसून बोलत कोण होतं? मी. त्यांना हसवत कोण होतं? मी. आणि जाताना त्यांनी हात कुणाचा धरला? नलूचा! ती पायाशी बसून नुसते पाय चेपत होती. तेव्हापासून माझ्या छातीत एक निखारा होता, आणि आता रेवू त्याच्यावर फुंकर घालत होती.

आधी असं नव्हतं. सुरुवातीचे तीन महिने पोर माझीच होती. मी गोष्टी सांगायची आणि ती डोळे विस्फारून ऐकायची. माझ्या लग्नात वडिलांनी हुंड्यात वाघ दिला, तो रेल्वेत बसेना म्हणून त्याला गार्डच्या डब्यात बसवून आणलं, अशा. वाघ खोटा आहे हे तुम्हाला सांगून टाकते, कारण पुढचं सगळं खरं आहे.

पायथनसुद्धा मला तिनंच शिकवलं. पायथन ही कॉम्प्युटरशी बोलायची भाषा. जावयांनी तिला शिकवली, तिनं मला.

"आजी, या जगाच्या तळाशी इंजिन आहे," ती सांगायची. "इंजिनात वेगवेगळे कंपोनंट असतात. एक चित्र दाखवतो, एक आवाज पोचवतो, एक वजन सांभाळतो. वस्तू सोडली की खाली पडते ना, ती त्याच्यामुळे. प्रत्येक वस्तूला हे जोडलेले असतात. आपण पायथनमध्ये स्क्रिप्ट, म्हणजे हुकमाच्या चार ओळी, लिहायची आणि इंजिनाला म्हणायचं, या वस्तूचा आवाज माझ्याकडे दे."

"आणि ते देतं?"

"परवानगी असली तर देतं. मग त्या आवाजाचं काय वाटेल ते करता येतं."

"हात्तिच्या! म्हणजे आमचं एक्स्चेंजच की गं हे! समोर बोर्ड, बोर्डाला भोकं, दोरी खुपसली की लाइन आपल्या हातात."

"मग तुम्ही लोकांचं बोलणं ऐकायचा?"

"छे छे! कधीच नाही," मी म्हटलं. मिरज-सांगलीतली निम्मी लग्नं जुळताना आणि मोडताना मी पहिल्यांदा ऐकली होती.

परवानगीचं म्हणाल तर घरचंच जग म्हणून जावयांनी सगळ्यांना सगळ्याची देऊन ठेवली होती. ही त्यांची चूक. सासूला कुणी अशी परवानगी देतं?

तर रेवू बाकाकडे जायला लागली तशी मी तयारीला लागले. पहिल्यांदा ठरवलं, बाकाचं वजनच काढून घ्यायचं. बाक हवेत गेला की नलू घाबरेल, पोर माझ्याकडे पळत येईल. आठ ओळी लिहिल्या. पण हाताला जुनी सवय. एक्स्चेंजमध्ये एखादी लाइन सापडेना, की आम्ही सरळ सगळ्या लाइनी येतात त्या मुख्य फळीवर जायचो. तसंच झालं. बाकाचं वजन मागायच्या ऐवजी मी सगळ्या जगाच्या वजनाचाच कंपोनंट मागितला आणि त्यात शून्य घातलं.

माझा हत्ती चार पाय वर करून आभाळात. कारंज्याचं पाणी वर गेलं ते खाली येईचना. शेवगा मुळांसकट निघाला. मी, म्हणजे माझी बाहुली, नऊवारीसकट उलटी-पालटी होत हत्तीच्या सोंडेला अडकले.

रेवू खिदळत होती. "आजी, हे तू केलंस?"

"मी कशाला करू? मिरजेत वारा सुटलाय."

"अक्का, तुमचा पदर सावरा," नलू म्हणाली. त्या दिवशी ती तेवढंच बोलली. तिचा बाक ढगापाशी जाऊन थांबला होता आणि रेवू तिच्या शेजारी बसून पाय हलवत पुन्हा काहीतरी सांगायला लागली होती. हळू आवाजात. मला ऐकू जाऊ नये असं.

सोंडेला लटकून मी ते बघत होते. काय सांगत असेल? आणि तिलाच का?

संध्याकाळी वर गेले. नलू मेथी निवडत होती.

"काय गं, तासभर काय बोलता तुम्ही दोघी?"

"काही नाही हो. पोरीचं आपलं शाळेचं, डब्याचं."

"मला नाही सांगत ती शाळेचं."

"तुम्ही विचारलंत का?"

"मी विचारायच्या आत ती पळते ना तुझ्याकडे! काय जादू केलीस गं? लाडू देतेस तिथं? तिथले लाडू खाता येत नाहीत, माहितेय ना?"

नलू हसली. मेथीच्या काड्या बाजूला केल्या आणि म्हणाली, "अक्का, चहा टाकू?"

बघा. भांडायलासुद्धा येत नाही हिला. अशा बाईशी माणसानं करायचं काय?

पुढच्या रविवारी मी नलूचा आवाज घ्यायचा बेत केला. तिच्या बाहुलीचा आवाजाचा कंपोनंट इंजिनाकडून मागायचा आणि त्याला असा पीळ द्यायचा, की तोंड उघडलं की बेडूक बोलल्यासारखं व्हावं. 'डराव, मग काय झालं रेवू, डराव.' बघू पोर किती वेळ बसते. या वेळी चूक नको म्हणून आधी इंजिनाला विचारलं, बाबा रे, नलूच्या बाहुलीला काय काय जोडलंय त्याची यादी दे.

यादी आली. अंग, लुगडं, चाल, आवाज. माझ्या बाहुलीला होतं तेच. पण सगळ्यात खाली आणखी एक होतं. एक स्क्रिप्ट. माझ्या बाहुलीला ती नव्हती.

उघडली. अकरा ओळी होत्या. मला वाचता येत होत्या, म्हणून वाचल्या. शेजारी कुणी बोलत असेल, तर दर वीस सेकंदांनी मान हलव. बोलणारा थांबला, तर थोडा वेळ जाऊ दे आणि नलूच्या आवाजातलं साठवलेलं 'मग?' वाजव. पुष्कळ वेळ थांबला, तर 'अगंबाई!' वाजव. बास.

मी बाकाकडे बघितलं. नलू शेवग्याखाली ताठ बसली होती. रेवू बोलत होती. मी मनात वीस मोजले. मान हलली. पुन्हा वीस मोजले. पुन्हा हलली.

चोर सापडला! मला आनंद काय झाला म्हणून सांगू! गुडघे दुखत होते तरी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले. बघते तर काय, नलू खाटेवर आडवी, तोंड उघडं, चष्मा छातीवर, बारीक घोरतेय. शेजारच्या टेबलावर कॉम्प्युटर चालू. त्यातून रेवूचा आवाज येतोय आणि मधूनच नलूचा, "मग?"

"नले! ऊठ! लाज नाही वाटत? पोर तिकडे जीव ओतून बोलतेय आणि तू भुताला बसवून झोपा काढतेस?"

नलू दचकून उठली. तोंडावर बोट ठेवलं, माईक बंद आहे का ते बघितलं, मग म्हणाली, "हळू बोला, अक्का."

"हळू? मी आता तिला सांगणार! बघ म्हणावं, तुझी लाडकी नलूआजी!"

"तिला माहितेय."

"काय माहितेय?"

"तिनंच करून दिलंय ते. मागे एकदा ती बोलत असताना माझा डोळा लागला. दुपारची वेळ, गोळ्या घेतलेल्या. मी म्हटलं, बाई, माफ कर. तर म्हणाली, नलूआजी, तू झोप. मी करते तुझं काहीतरी. तू नुसती बाकावर अस."

मी खाटेवर टेकले. म्हणजे पोर माझा हत्ती सोडून, माझं कारंजं सोडून, मला सोडून अकरा ओळींशी बोलायला जात होती. आणि ते माहीत असून! नलूवर जळणं मला जमत होतं, चाळीस वर्षांचा सराव होता. पण या अकरा ओळींवर कसं जळायचं?

"का गं असं?" मी विचारलं.

कॉम्प्युटरातून रेवू बोलत होती. मी आवाजाचं बटण फिरवायला हात पुढे केला, तशी नलूनं माझं मनगट धरलं.

"अक्का, तुम्ही नका ऐकू."

"का?"

"नका."

चाळीस वर्षांत हिनं मला कधी नको म्हटलं नव्हतं. मी मनगट सोडवून घेतलं आणि आवाज मोठा केला.

"...शुक्रवारी पुन्हा वर्गातली आइनो माझ्या शेजारी नाही बसली," रेवू सांगत होती. "जेवायला मी एकटीच होते. मी ताट घेऊन गेले की ती मुलं हात असे करतात, वरचा हात वर, खालचा हात खाली, आणि खटकन मिटतात. मगरीच्या जबड्यासारखे. आणि हसतात."

"मग?" अकरा ओळींनी विचारलं.

"शिक्षकांनी सांगितलं होतं ना, आजी-आजोबा काय काम करायचे ते सांगा. मी आजीची मगरीची गोष्ट सांगितली."

मगरीची गोष्ट मीच तिला सांगितली होती. कृष्णेतून टेलिफोनची केबल जायची, ती एका मगरीनं गिळली. लाइन तुटली नाही, मगरीच्या पोटातून चालूच राहिली. पावसाळाभर सांगलीचे सगळे फोन त्या पोटातून गेले, आणि मी कानाला लावलं की मगरीला भूक लागलेली मला ऐकू यायची. ही गोष्ट सांगितली तेव्हा रेवू एक शब्द न बोलता पाऊण तास माझ्याजवळ बसली होती.

"शिक्षक म्हणाले, छान कल्पना आहे," रेवू सांगत होती. "मी म्हटलं, कल्पना नाही, खरं आहे, माझी आजी खोटं नाही बोलत. ते हसले. मी पुन्हा म्हटलं, खरं आहे. मग मी रडले, सगळ्यांसमोर. आता मी काहीही सांगितलं तरी ती मुलं म्हणतात, मगरीनं सांगितलं का? गुरुवारी मी म्हटलं माझा ताप उतरला, तरी म्हणाली, खोटारडी."

नलूच्या बाहुलीनं मान हलवली.

"आजीला नको सांगू हं. तिला वाईट वाटेल. आणि तिला सांगायला गेलं, तर ती मधेच दुसरी गोष्ट सांगते."

मी नलूकडे बघितलं. ती खाली बघत होती. तिला हे किती रविवार माहीत होतं देव जाणे. एका शब्दानं बोलली नव्हती. मी तिला लाडवांवरून टोमणे मारले, तेव्हासुद्धा नाही.

रेवू थांबली होती. आता अकरा ओळी 'मग?' म्हणणार. मी हात लांब केला, बटणं दाबली आणि स्क्रिप्ट बंद केली. का ते मला तेव्हा माहीत नव्हतं. पोरीचा असा एकटीचा आवाज, आणि त्याला साठवलेला 'मग?', ते मला ऐकवेना एवढंच.

बाक गप्प झाला. रेवू वाट बघत होती. "नलूआजी?" म्हणाली. "बंद पडलं का हे?"

उठून खाली जाता आलं असतं मला. नलूनं स्क्रिप्ट परत सुरू केली असती आणि कुणाला काही कळलं नसतं. एक्स्चेंजमध्ये छत्तीस वर्षं तेच केलं होतं. ऐकायचं, दोरी काढायची, चहा प्यायला जायचं.

मी माईक चालू केला.

"रेवू, मी आहे. आजी."

रेवूची बाहुली बाकाच्या टोकाला सरकली.

"कधीपासून ऐकतेयस?"

"जेवणाच्या ताटापासून."

तिची बाहुली बाकावरून दिसेनाशी झाली. पळून जाताना दिसली असती तरी बरं वाटलं असतं. नुसती होती ती नाहीशी झाली.

पुढचा रविवार गेला, त्याच्या पुढचाही. मी दीड वाजता जाऊन बसायची. हत्ती काढून टाकला, कारंजं काढलं. मोकळ्या जमिनीवर मी एकटी. शर्मिलाचा फोन आला, "आई, काय केलंस तू? पोर कॉम्प्युटर उघडायला तयार नाही." मी म्हटलं, "शाळेत जाऊन तिच्या शिक्षकांना भेट. बाकीचं तिला सांगायचं असलं तर ती सांगेल." लेक म्हणाली, "तुझी तब्येत बरी आहे ना?" एवढं थोडक्यात मी आयुष्यात बोलले नव्हते.

तिसऱ्या रविवारी नलू खाली आली. "तुमच्यापायी माझीही गेली," म्हणाली. मी तिला बसायला पाट दिला. दोघी मोकळ्या पडद्याकडे बघत बसलो. तिनं माझा हात वगैरे काही धरला नाही. बरं झालं. धरला असता तर मी भांडले असते.

चौथ्या रविवारी नलू पाटावर माझ्या शेजारी असतानाच रेवू आली. नलूच्या बाकाकडे गेली नाही. माझ्याकडेही आली नाही, चार हात लांब उभी राहिली.

"मगर खोटी होती?"

"कृष्णेत मगरी आहेत. मी बघितल्यात, पाण्यात पडलेल्या ओंडक्यासारख्या. केबल मात्र एकीनंही गिळली नाही."

"मग मगर बघितली एवढंच का नाही सांगितलंस?"

"एवढंच सांगितलं असतं, तर तू किती वेळ थांबली असतीस?"

रेवूनं विचार केला. आता ती विचार करत होती हे मला बाहुलीवरून कसं कळणार? पण मी मनात वीस मोजले.

"मी थांबले असते," ती म्हणाली. "मला वाटायचं, तूच थांबत नाहीस."

मी तोंड उघडलं. खरं सांगते, माझ्या जिभेवर लगेच एक गोष्ट आली होती, एका स्टेशनमास्तरची, इतकी सुंदर की काय सांगू. मी म्हणायला लागले, "अगं, त्यावरून आठवलं..." पण आवाज गेलाच नाही. माझ्या बाहुलीचे ओठ हलतायत, आवाज नाही. माईक बघितला, चालू होता. वायर बघितली, घट्ट होती.

"आजी, तुझ्या आवाजाचा कंपोनंट मी घेतलाय," रेवू म्हणाली. "इंजिनाला सांगून ठेवलंय. मी बोलत असेपर्यंत तो तुला मिळणार नाही. माझं झालं की देईन."

शेजारी नलूचे खांदे गदगदा हलत होते. हसत होती मेली.

माझ्या बाहुलीला काय काय जोडलंय त्याची यादी मी उघडली. खाली एक नवीन स्क्रिप्ट होती, रेवूच्या हातची. मोडायला दोन ओळी पुरल्या असत्या. परवानगी होती, आणि त्या दोन ओळी मला तोंडपाठ होत्या, तिनंच शिकवलेल्या.

रेवू चार हात पुढे आली आणि जमिनीवर माझ्यासमोर मांडी घालून बसली.

"तर आइनो," ती म्हणाली, "या मंगळवारी काय झालं माहितेय?"

मी दोन्ही हात पदराखाली घेतले आणि बसले.